तान्ह्या मुलाची सुंता: गरज कोणाला, निर्णय कोणाचा?

पांढुर्णा आणि सौंसर नकाशावर मध्य प्रदेशात आहेत, पण घराघरांत बोललं जातं ते मराठीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे होऊन या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीतला कागद हिंदीत असतो, बाजारात दोन्ही भाषा चालतात आणि पोराचं दुखणं वाढलं की गाडी नागपूरच्या रस्त्याला लागते. संत्र्याच्या आणि कपाशीच्या या मुलखात मुलगा झाला की पाचवी पुजतात, बारसं करतात, जावळ काढतात, सोनाराला बोलावून कान टोचतात. सुंता मात्र बहुतेक घरांत होत नाही. ती मुसलमानांच्या घरी होते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेवढीच माहीत असते.

तरीही मुलाची सुंता करावी का, हा प्रश्न आता एकाच समाजापुरता उरलेला नाही. तो तीन वाटांनी घरात येतो. पहिली वाट दवाखान्यातून येते. सात-आठ महिन्यांच्या पोराची शूच्या जागेची कातडी लघवी करताना फुगते, आई घाबरते आणि कोणीतरी सांगतं, ‘कातडी मागे जात नाही, ऑपरेशन करून टाका.’ दुसरी वाट धर्माची. तिथे खतना, म्हणजे सुंताच, करायचा हे ठरलेलंच असतं. प्रश्न असतो तो कोणत्या वयात, कोणाच्या हातून आणि बाळाला किती दुखवून. तिसरी वाट परदेशातून येते. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेलेल्या आजीसमोर बाळ एक-दोन दिवसांचं असतानाच नर्स संमतीचा कागद धरते. आजी म्हणते, ‘आपल्यात नाही करत बाई.’ जावई म्हणतो, ‘इथे तर बरेच जण करतात.’

या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. गोंधळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे, आणि त्याची किंमत बाळ मोजतं. आजवरचं संशोधन, कायदा आणि रूढी एकत्र ठेवून पाहिलं तर तीन गोष्टी ठामपणे सांगता येतात. निरोगी तान्ह्या मुलाला आरोग्यासाठी सुंता लागत नाही. धर्मासाठी ती करायचीच असेल, तर शिकलेला हात आणि भूल या दोन गोष्टींत तडजोड नको. आणि ‘कातडी मागे जात नाही’ एवढ्या एका वाक्यावर कोणत्याही बाळाला टेबलावर घेऊ नये.

चिकटलेली कातडी हा आजार नव्हे

जन्माच्या वेळी मुलाच्या शिश्नाच्या टोकावरची कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. नख जसं बोटाच्या मांसाला धरून असतं, तशी ती आतल्या बाजूने धरून असते. मूल वाढतं तसे हे थर हळूहळू, आपोआप सुटे होतात. मधल्या काळात कातडीखाली पांढरट कण साठलेले दिसतात. आयांना तो पू वाटतो, पण त्या झडलेल्या पेशी असतात. लघवी करताना कातडी क्षणभर फुगणं हेही या सुट्या होण्याच्या काळातलंच लक्षण. धार नीट येत असेल, मूल कुंथत-रडत नसेल आणि ताप नसेल, तर त्यात काळजीचं काही नाही.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक होऊन पाऊणशे वर्षं उलटली. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांचा निबंध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात मुलांपैकी फक्त ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागे सरकते, असं त्यांना आढळलं. तीन वर्षांच्या वयापर्यंत मात्र दहांतल्या नऊ मुलांची सरकत होती. त्या काळी इंग्लंड-वेल्समध्ये सुंतेच्या शस्त्रक्रियेपायी दरवर्षी पाच वर्षांखालची सोळाएक मुलं दगावत होती, हेही त्यांनी त्याच निबंधात मांडलं. नव्याने सुरू झालेल्या सरकारी आरोग्यसेवेने कारणाशिवाय होणाऱ्या सुंतेचा खर्च उचलला नाही आणि तिथली ही प्रथा झपाट्याने ओसरली. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून दाखवलं, की वयाच्या सतराव्या वर्षी जेमतेम १ टक्का मुलांची कातडी खऱ्या अर्थाने घट्ट राहते.

म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला ‘फायमोसिस’ (घट्ट कातडीचा आजार) आहे असं सांगणं बहुतेक वेळा त्याच्या वयाला आजार म्हणणं असतं. खरा आजार वेगळा दिसतो. टोकाची कातडी पांढरी, कडक, व्रण पडल्यासारखी होते, लघवीची धार बारीक होते, वारंवार सूज आणि संसर्ग होतो. पाच वर्षांच्या आत असं क्वचितच होतं आणि झालं तर सुंता हाच योग्य इलाज ठरतो. त्याच्या अलीकडे, मोठ्या मुलाची कातडी नुसती घट्ट असेल तर स्टेरॉइडचं मलम आहे. ते टोकावरच्या घट्ट कड्याला दिवसातून दोनदा, पातळ थर देऊन, चार ते आठ आठवडे लावतात. बहुसंख्य मुलांना तेवढं पुरतं. हे मलम महाग नाही, पण डॉक्टरने तपासून दिल्याशिवाय लावायचं नाही.

कातडी आधी सैल करून पाहण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ नावाने या विकाराचं वर्णन आहे. त्यावर सांगितलेला उपाय असा: लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्हीकडे तोंड असलेली नळी तूप लावून हलकेच आत घालायची आणि दर तीन दिवसांनी तिच्याहून जाड नळी वापरायची, किंवा मग शिवण टाळून छेद घ्यायचा. नळीचा इलाज आज कोणी करू नये. मात्र कापणं हा एकच रस्ता नाही, हे तेव्हाच्या वैद्यालाही दिसत होतं.

नुकसान होतं ते बळजबरी केल्याने. बाळाला तेल लावताना ‘रोज थोडी मागे ओढत जा’ असा सल्ला आजही घरोघरी मिळतो, कधी दवाखान्यातूनही मिळतो. ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो आणि जी कातडी आपोआप सुटली असती ती खरोखरच घट्ट होऊन बसते. कधी ओढलेली कातडी बोंडामागे अडकून सुजते आणि पुढे येतच नाही. तसं झालं तर घरगुती उपाय करत न बसता त्याच तासाला दवाखाना गाठावा लागतो. एरवी बाहेरून पाण्याने धुणं पुरेसं असतं.

घाईची सर्वांत भयंकर किंमत कॅनडातल्या विनिपेगच्या एका मुलाने मोजली. १९६६ मध्ये डेव्हिड रायमर आणि त्याचा जुळा भाऊ आठ महिन्यांचे असताना, लघवीचा त्रास होतो म्हणून दोघांना फायमोसिसचं निदान झालं आणि सुंता ठरली. डेव्हिडवर विजेच्या सुरीने शस्त्रक्रिया करताना त्याचं शिश्नच जळून गेलं. पुढे एका मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आलं, ते त्याला कधीच मानवलं नाही आणि २००४ मध्ये त्याने जीवन संपवलं. पहिल्या मुलाचं असं झाल्यावर दुसऱ्याची शस्त्रक्रिया केलीच नाही, आणि त्या भावाचा त्रास आपोआप गेला. असा अपघात लाखात एखादा. पण ज्या कारणासाठी तो ओढवला, ते कारणच मुळात नव्हतं.

फायद्याचा हिशेब

सुंतेचे फायदे सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. हे फायदे आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या मापाचा.

पहिला फायदा लघवीच्या संसर्गाचा. सुंता झालेल्या तान्ह्या मुलांना तो कमी होतो. पण सुदृढ मुलांमध्ये हा संसर्गच मुळात शंभरात एखाद्याला होतो. २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार एका मुलाचा संसर्ग टाळायला १११ मुलांची सुंता करावी लागेल, आणि तो संसर्ग प्रतिजैविकांनी बरा होतोच. ज्या मुलाला मूत्रमार्गाचा जन्मजात दोष आहे, लघवी मूत्रपिंडाकडे उलटी जाते, त्याच्या बाबतीत हाच आकडा चारवर येतो. त्या मुलासाठी सुंता हा गंभीरपणे विचार करण्याजोगा उपचार आहे. सरसकट सगळ्यांसाठी तो नाही.

दुसरा फायदा एचआयव्हीचा, आणि इथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. १९९३ ते २००० या काळात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांचा पाठपुरावा केला. सुंता झालेल्या पुरुषांना एचआयव्हीची लागण कितीतरी कमी झाली; सिफिलिस, परमा, गुप्तांगावरची नागीण यांच्या बाबतीत मात्र तसं संरक्षण दिसलं नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. त्यानंतर दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण ५० ते ६० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्यावरून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या ज्या देशांत लागण फार आहे, तिथे पुरुषांच्या ऐच्छिक सुंतेची शिफारस केली.

या चाचण्यांचे पुरावे भक्कम आहेत, पण ते ज्यांच्याविषयी आहेत ते जाणते पुरुष होते आणि त्यांनी स्वतः होकार दिला होता. भारतात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. इथल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने सुंतेचा मार्ग धरला नाही; निरोध, तपासणी आणि औषधं यांवरच भर ठेवला. पांढुर्ण्यात आज जन्मलेल्या मुलाला या संरक्षणाची गरज पडलीच तर ती पंधरा-वीस वर्षांनी पडेल, आणि तेव्हा निर्णय तो स्वतः घेऊ शकेल.

तिसरा फायदा शिश्नाच्या कर्करोगाचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या पेमास्टर आणि गंगाधरन यांनी १९६७ मध्ये भारतातल्या या कर्करोगावर लिहिताना धर्मनिहाय फरक मांडला: लहानपणी सुंता होणाऱ्या मुसलमान पुरुषांत तो फारच विरळ. घट्ट कातडी, अस्वच्छता, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू ही त्याची कारणं आता माहीत आहेत. मुळात हा कर्करोग दुर्मिळ आहे आणि या चारही कारणांवर सुंतेखेरीज इलाज आहेत. गावातल्या प्रौढ पुरुषांना आंघोळीच्या वेळी कातडी मागे घेऊन धुवायला शिकवणं, आणि तिथे जखम किंवा गाठ दिसली तर लाजेपोटी महिनोन्महिने लपवू नये हे सांगणं, यानेही या मुलखात बराच फरक पडेल.

बाळाला दुखतं का?

एकोणिसशे ऐंशीच्या दशकापर्यंत जगभरातले कित्येक डॉक्टर मानत होते की नवजात बाळाची मज्जासंस्था पक्की झालेली नसते, त्यामुळे त्याला खरी वेदना होत नाही. मोठमोठ्या शस्त्रक्रिया नाममात्र भूल देऊन होत. हा समज मोडून काढणाऱ्यांत एक नाव मध्य प्रदेशातून गेलेलं आहे. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद पुढे ऑक्सफर्डला गेले. अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं किती उसळतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९८७ मध्ये त्यांचा आणि पॉल हिकी यांचा नवजात बाळाच्या वेदनेवरचा लेख प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून बाळांना भूल देण्याची रीत पालटली.

सुंतेच्या बाबतीतला धागा कॅनडातल्या ॲना टॅडिओ यांनी पुढे नेला. १९९७ च्या त्यांच्या अभ्यासात, नवजात अवस्थेत सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतर मुलांपेक्षा जास्त वेदना दाखवत होती. सुंतेआधी बधिर करणारं मलम लावलेल्यांत हे प्रमाण कमी होतं. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय, दोन मिनिटांत विसरेल’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. बाळ विसरत असेल, पण त्याचं शरीर ती वेदना सोसतं. ती टाळणं हातात असताना न टाळणं हा अन्याय आहे.

धोक्याचे आकडेही समजून घ्यायला हवेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात तान्ह्या मुलांच्या सुंतेत गुंतागुंतीचं मध्यम प्रमाण १.५ टक्के आणि मोठ्या मुलांत ६ टक्के आढळलं. त्यातली बहुतेक किरकोळ होती: थोडा रक्तस्राव, सूज, संसर्ग. हात शिकलेला नसला आणि हत्यारं निर्जंतुक नसली की प्रमाण चढतं. तान्हेपणी शस्त्रक्रिया छोटी असते आणि जखम लवकर भरते, हा ती लवकर करावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा या आकड्यांत खरा ठरतो. पण तो ‘कधी’चं उत्तर देतो, करायची का, याचं देत नाही.

श्रद्धेची बाजू

मुसलमान आणि ज्यू कुटुंबांत सुंता हा आरोग्याच्या नफ्यातोट्याचा विषय नसतो. मूल आपल्यातलं झालं, याची ती खूण असते. कुराणात तिचा उल्लेख नाही. पैगंबरांची रीत म्हणून ती पाळली जाते. विदर्भ आणि सातपुड्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे. त्या परंपरेत खतना सुन्नत मानला जातो. मराठी बोलणारे कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. त्यांच्यात तो अनिवार्य मानतात. दिवस मात्र ठरलेला नाही. कोणी सातव्या दिवशी करतात, कोणी मूल चार-सहा वर्षांचं झाल्यावर हार घालून, जेवण देऊन. वयाची ही सवड पालकांच्या फार उपयोगाची आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, कावीळ असेल, वजन कमी असेल, तर थांबायला धर्माची आडकाठी नाही.

पूर्वी खतना करायला हज्जाम येई. बांबूच्या कामटीची चिमटी, वस्तरा आणि जखमेवर दाबायला राख एवढं त्याचं साहित्य. पिढ्यान्पिढ्यांचा सराव असलेले हात त्यात होते, पण भूल नव्हती, निर्जंतुकीकरण नव्हतं आणि रक्त थांबलं नाही तर पुढचा मार्ग नव्हता. आज शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही अनेक कुटुंबं सर्जनकडे जातात. तान्ह्या बाळांसाठी प्लास्टिकच्या कड्याची पद्धत वापरतात. मुळाशी सुई देऊन शिश्न बधिर करतात, चिकटलेली कातडी सोडवून बोंड आणि कातडी यांच्यामध्ये कडं बसवतात, त्यावर दोरा आवळतात आणि पुढची कातडी कापतात. आठवडाभरात कडं आपोआप गळून पडतं. ते नाही पडलं, किंवा मागे सरकून रुतलं, तर लगेच डॉक्टरला दाखवायचं असतं.

मराठी मुलखात सुंतेची आणखी एक जुनी परंपरा आहे, बेने इस्रायल समाजाची. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, अशी त्यांची कथा. रायगडच्या खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावावरून पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावं पडली, घरात मराठी रुळली, हिब्रू विसरली गेली. तरी आठव्या दिवसाची सुंता सुटली नाही. शतकानुशतकं इतर ज्यूंशी संपर्क नसताना ज्या मोजक्या खुणांनी त्यांचं वेगळेपण टिकलं, त्यांत ही एक होती. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) उभं राहिलं ते फार पुढे, १७९६ मध्ये.

त्याच ज्यू परंपरेत एक फार मोलाचा नियम आहे. एका आईची दोन मुलं सुंतेमुळे दगावली, तर तिच्या पुढच्या मुलाची सुंता करायची नाही, असं तालमूदमध्ये सांगितलं आहे. हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त न थांबण्याच्या आजाराचं, नावही कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हाचा हा नियम. बाळ आजारी असेल तर आठवा दिवस पुढे ढकलायचा, हेही त्याच परंपरेत आहे. मुलाच्या जिवापुढे विधी थांबू शकतो, हे श्रद्धेनेच मान्य केलं आहे. म्हणून भूल द्या, तपासण्या करा, थोडं थांबा, असं डॉक्टर सांगतो तेव्हा तो धर्मात ढवळाढवळ करतो असं समजायचं कारण नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात मुलांच्या सुंतेविषयी वेगळा कायदा नाही. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम २७ मर्यादित संरक्षण देतं. पूर्वीच्या दंडसंहितेत ते कलम ८९ होतं. केरळमध्ये एका निधर्मी गटाने अजाण मुलांची सुंता बेकायदा ठरवावी अशी याचिका केली. मार्च २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती फेटाळली: याचिका वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर उभी आहे आणि कायदा करणं न्यायालयाचं काम नाही.

युरोपात हा वाद जास्त पेटला. कोलोनमध्ये डॉक्टरने केलेल्या सुंतेनंतर चार वर्षांच्या एका मुसलमान मुलाला रक्तस्राव झाला. २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने म्हटलं, की मुलाचा शरीराच्या अखंडतेचा हक्क पालकांच्या धर्मस्वातंत्र्याहून मोठा आहे. ज्यू आणि मुसलमान समाज एकत्र उभे राहिले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने कायदा करून परवानगी दिली, मात्र वैद्यकीय नियम पाळण्याच्या अटीवर. स्वीडनने २००१ मध्येच वेदनाशमन सक्तीचं केलं होतं. आइसलँडमध्ये २०१८ साली बंदीचं विधेयक आलं, पण ते मंजूर झालं नाही. बंदीपेक्षा स्वीडनचा मार्ग आपल्याला अधिक जवळचा आहे. बंदी आली तर खतना थांबणार नाही, तो पुन्हा बंद दाराआड वस्तऱ्याकडे जाईल.

पालकांचा हक्क अमर्याद नाही, हे मात्र सातपुड्याला वेगळं सांगायला नको. पोट फुगलं, श्वास लागला की तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंभा’ नावाची प्रथा मेळघाटात अजून आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या २२ दिवसांच्या बाळाला ६५ चटके दिल्याचं उघड झालं आणि गुन्हा नोंदला गेला. त्याआधी दोन वर्षं मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये न्यूमोनिया झालेली तीन महिन्यांची मुलगी अशाच चटक्यांनंतर दगावली. चटके देणाऱ्यांचंही बाळावर प्रेमच होतं. म्हणून हेतू चांगला आहे एवढ्यावर भागत नाही. बाळाला काय मिळतं आणि काय सोसावं लागतं, हेच पाहावं लागतं. डंभ्याने बाळाला फक्त इजा होते. मुलींच्या खतन्याचंही तेच: त्याचा कोणताही वैद्यकीय फायदा नाही, जागतिक आरोग्य संघटना त्याला ठाम विरोध करते, आणि दाऊदी बोहरा समाजातल्या या प्रथेविरुद्धची २०१७ ची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या घटनापीठाकडे सोपवली. मुलांची सुंता या दोन्हींच्या रांगेत बसत नाही. शिकलेल्या हातून, भूल देऊन केली तर तिचे धोके थोडे आणि फायदेही थोडे. म्हणूनच ती सक्तीचीही नको आणि गुन्हाही नको.

अमेरिकेतला कागद

अमेरिकेत ही शस्त्रक्रिया धर्माबाहेर पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. न्यूयॉर्कचे डॉ. लुइस सेअर यांनी १८७० मध्ये, सुंतेने एका मुलाचा लुळेपणा बरा झाल्याचं जाहीर केलं. पुढे हस्तमैथुनापासून फेफऱ्यापर्यंत कशावरही ती सुचवली जाऊ लागली. ती कारणं गळून पडली, सवय राहिली. १९७९ मध्ये तिथल्या रुग्णालयांत जन्मलेल्या ६४.५ टक्के मुलांची सुंता होत होती, २०१० मध्ये ५८.३ टक्के. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटलं, की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सर्व नवजात मुलांना शिफारस करण्याइतके नाहीत. निर्णय पालकांनी घ्यावा. युरोपातल्या अनेक डॉक्टरांनी या निष्कर्षावर जाहीर टीका केली.

तेव्हा तिथल्या मराठी आईबापांनी संमतीचा तो कागद बिनधास्त परत करावा. शाळेत वेगळा दिसेल ही भीती आता फारशी उरलेली नाही, कारण तिथेही निम्म्याच्या आसपास मुलं सुंतेविना वाढतात. बाळाच्या डॉक्टरला एकच गोष्ट बजावून सांगावी: तपासताना कातडी ओढू नका.

पांढुर्णा-सौंसरला काय करता येईल

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरं गेली. कित्येकांना शेवटच्या क्षणी नागपूरला नेलं होतं. तेव्हापासून या पट्ट्यातले आईबाप चिठ्ठीवरचं औषध विचारून घेऊ लागले असतील तर ते योग्यच आहे. ऑपरेशनच्या बाबतीतही तेच करावं. ‘कातडी मागे जात नाही’ म्हणून सुंता सुचवली, तर विचारावं: व्रण दिसतोय का? धार बारीक आहे का? वारंवार संसर्ग झालाय का? मलम लावून पाहिलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील, तर थांबावं आणि नागपूरला मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत दुसरं मत घ्यावं. सौंसरहून हा एका दिवसाचा फेरा आहे, पांढुर्ण्याहून रेल्वेही आहे.

खतना करणाऱ्या कुटुंबांनी आधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मिळालं का. घरी बाळंतपण झालं असेल तर बहुधा राहिलेलं असतं. आईच्या माहेरी कोणा पुरुषाला रक्त न थांबण्याचा आजार होता का. आणि लघवीचं छिद्र टोकावरच आहे ना. ते खालच्या बाजूला असेल तर कातडी पुढे अर्धवट असते. काही घरांत अशा बाळाला सुंता होऊनच जन्मलेलं समजतात. प्रत्यक्षात तो जन्मजात दोष असतो आणि तो दुरुस्त करताना सर्जनला हीच कातडी लागते, म्हणून तिला हात लावू द्यायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर दहा मिनिटं हलका दाब देऊनही रक्त वाहत राहिलं, बारा तासांत लघवी झाली नाही किंवा ताप आला, तर वाट पाहू नये.

सरकारचंही काम आहे. लसीकरणाच्या दिवशी पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या आयांना आरोग्यसेविकेने (एएनएमने) ‘कातडी ओढू नका’ एवढं सांगितलं, तर पुढची किती ऑपरेशनं टळतील. पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयात महिन्यातला एक दिवस खतन्यासाठी ठेवावा, सर्जन आणि भूल देणारा डॉक्टर हजर असावा, मशिदीतून त्याची माहिती दिली जावी. खर्च फार नाही. गरीब कुटुंबाला हज्जाम आणि महागडं खासगी रुग्णालय या दोहोंमधून निवड करावी लागणार नाही, आणि प्रत्येक मुलाची नोंद राहील. आज या शस्त्रक्रियांतल्या बऱ्याचशा कोणत्याच वहीत येत नाहीत. आल्या, की कुठे रक्त वाहिलं, कोणाला परत यावं लागलं, हे पुढच्या वर्षी डॉक्टरांना पाहता येईल.